केंटकी राज्यातील वैद्यक
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील केंटकी राज्यात झालेला वैद्यकीय शिक्षण व सेवा यांचा विकास. १७९२ मध्ये घटक राज्य झालेल्या या प्रदेशात प्रशिक्षित वैद्य प्रारंभी विरळाच होते. रक्तमोक्षण, रेचके व घरगुती औषधे यांवरच भिस्त असे. लेक्सिंग्टनच्या ट्रान्सिल्व्हेनिया विद्यापीठात १७९९ मध्ये वैद्यक विभाग निघाला. तेथील सॅम्युएल ब्राउन यांनी १८०२ पर्यंत सु. ५०० लोकांना देवीची लस टोचली. मात्र १८३३ च्या पटकीच्या साथीत याच शहरातील सु. ५०० माणसे दगावली.

सर्वांत महत्त्वाची घटना विद्यापीठाबाहेर घडली. डॅनव्हिल या लहान गावी एफ्रेम मक्डॉवेल (१७७१–१८३०) यांनी डिसेंबर १८०९ मध्ये जेन टॉड क्रॉफर्ड यांच्या अंडाशयाचे सु. १० किग्रॅ. वजनाचे अर्बुद काढले. ही वाढ आधी गर्भच समजली गेली होती. क्रॉफर्ड सु. १०० किमी. अंतर घोड्यावरून आल्या होत्या. शुद्धिहरण तेव्हा अज्ञात होते. शस्त्रक्रिया २५ मिनिटांत आटोपली. पाचव्या दिवशी रुग्णा स्वतःचे अंथरूण आवरताना आढळली व पुढे ती ३२ वर्षे जगली. मक्डॉवेल यांनी १८१७ मध्ये तीन रुग्णांचा त्रोटक अहवाल प्रसिद्ध केला, त्यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. त्यांतील इतर दोघी कृष्णवर्णीय होत्या. त्यांची नावे क्रॉफर्ड यांच्या नावाप्रमाणे प्रसिद्ध झाली नाहीत.

१८३७ मध्ये लूइव्हिल येथे वैद्यकीय संस्था सुरू झाली आणि लेक्सिंग्टनचे महत्त्व ओसरले. कृष्णवर्णीयांसाठी तेथे १८८८ मध्ये निघालेले महाविद्यालय १९१२ मध्ये बंद पडले.

पूर्वेकडील डोंगराळ भाग या प्रगतीपासून दूरच राहिला. तेथे खुपरीमुळे अनेकांना अंधत्व येई. १९१३ मध्ये हिंडमन येथे तिच्यासाठी रुग्णालय उघडण्यात आले. मेरी ब्रेकिन्रिज यांनी १९२५ मध्ये लेस्ली परगण्यात सुरू केलेल्या सेवेतील परिचारिका घोड्यावरून घरोघर जाऊन बाळंतपणे करीत. अमेरिकेत प्रसूतिविद्येचे असे शिक्षण उपलब्ध नसल्याने त्यांना ते प्रथम ब्रिटनमध्ये घ्यावे लागे. या सेवेखालील मातांचे मृत्युप्रमाण राष्ट्रीय सरासरीहून बरेच कमी राहिले. त्याचे श्रेय औषधांपेक्षा नियमित तपासणीस द्यावे लागेल.

लूइव्हिलमध्ये १९९९ साली हाताचे प्रतिरोपण व २००१ साली संपूर्णपणे शरीरात सामावणाऱ्या कृत्रिम हृदयाचे पहिले रोपण झाले. तो रुग्ण १५१ दिवस जगला. खाणकामगारांच्या फुप्फुस-धूलिरोगास आळा घालण्यासाठी १९६९ मध्ये संघीय कायदा झाला होता, तरी त्याचे तीव्र स्वरूप २०१० नंतर पूर्व केंटकीत पुन्हा वाढलेले आढळले.