थरांच्या खडकात भेग कशी धावते?

दगडखाण, विहीर-खोदाई आणि बोअरच्या धंद्यातील मंडळींकडून एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो : "दारू तितकीच भरली; काल दगड फुटला, आज नुसताच आवाज झाला." दोष पुष्कळदा दारूचा नसतो, थरांचा असतो.

महाराष्ट्राचा बराचसा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. कुठे घट्ट काळा पाषाण, कुठे सच्छिद्र मांजऱ्या, तर मधूनमधून लाल गेरूसारखा मऊ पट्टा.

दगड दाबाला भक्कम, पण ताणाला कच्चा असतो. ताण सोसण्याची त्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच असते. सुरुंग उडताच दाबाची लाट चोहीकडे जाते व भोकाभोवती भेगा पडतात. ती लाट मोकळ्या बाजूवर आपटली की ताण होऊन परतते. मागोमाग गरम वायू भेगांत शिरून पाचरीसारखा त्या रुंदावतो.

मध्ये मऊ थर आला, की भेग तेथे अडते किंवा सांध्यातून आडवी वळते. वायूला तीच वाट मिळते. मग जोर वाया जातो, किंवा त्या तोंडातून दगड दूरवर उडून माणसे जखमी होतात.

यासाठी भोक पाडताना भुकटीवर नजर ठेवावी. करडी भुकटी लाल झाली किंवा ड्रिल एकाएकी भरभर उतरू लागले, तर ती खोली लिहून ठेवावी व ब्लास्टरला सांगावी. तेवढ्या भागात दारूऐवजी बारीक खडी ठासतात. दारूची विभागणी मात्र परवानाधारक ब्लास्टरनेच करावी.

आटलेल्या बोअरमध्ये पाण्याच्या दाबाने भेगा मोकळ्या करतात, तेथेही नियम हाच. बोअरचा भाग रबरी पॅकरने बंद करून आत जोराने पाणी सोडतात. पाणी जुन्या सांध्यांतील गाळ ढकलते आणि जेथे खडकाचा दाब सर्वात कमी, त्या बाजूने भेग उघडते. पॅकर घट्ट खडकातच बसवावा. मऊ थरात तो पकड धरत नाही. आसपास पाणी धरणारा सांधाच नसेल, तर खर्च फुकट जातो.

म्हणून बोअरवाल्यांनी गिऱ्हाइकाला पाण्याची हमी देऊ नये, थरांची नोंद दाखवावी. पैसा आणि शब्द, दोन्ही राहतील.