सत्तरीत हाती आला कुंचला!

‘आता या वयात काय नवीन शिकायचं?’ हे वाक्य आपल्याकडे घराघरांत ऐकू येतं. पन्नाशी आली की आपणच ते बोलायला लागतो. अशा वेळी जोधैयाबाई बैगा यांची गोष्ट आठवावी. या आजींनी चित्रं काढायला सुरुवात केली तीच मुळी सत्तरीच्या उंबरठ्यावर!

मध्य प्रदेशातला उमरिया जिल्हा म्हणजे बांधवगडच्या वाघांचा मुलूख. तिथल्या लोढा गावच्या जोधैयाबाई, बैगा या आदिवासी समाजातल्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लहान वयात लग्न झालं आणि नवरा लवकर गेला. पदरात लहान पोरं. मग काय, मिळेल ती मजुरी केली, दगड फोडले, जंगलातून लाकूडफाटा आणून विकला. उभा जन्म असा हातावर पोट भरण्यात गेला.

साधारण २००८ साली गावातच त्यांना एक वेगळं दार उघडं मिळालं. शांतिनिकेतनात शिकून आलेले चित्रकार आशिष स्वामी यांनी लोढ्यात ‘जनगण तस्वीरखाना’ ही चित्रशाळा चालवली होती. तिथे आजींनी आधी जमिनीवर रेघा ओढल्या. मग दुधीसारख्या भाज्यांवर रंग लावून पाहिला, मग लाकडावर, आणि शेवटी कागद व कॅनव्हासवर. स्वामींनी रंग दिले, जागा दिली, धीर दिला. पण ‘वाघ असा काढा, झाड असं काढा’ हे त्यांना कुणी शिकवलं नाही. ते त्यांच्याजवळ होतंच.

कारण जनावरं त्यांनी पुस्तकात पाहिलेली नव्हती. लाकडं गोळा करताना, मोहाची फुलं वेचताना जे जंगल पायाखालून गेलं, तेच चित्रात उतरलं. वाघ, हत्ती, पक्षी, मोहाचं झाड... त्यात फोटोसारखा हुबेहूबपणा नाही. सावली नाही, जवळचं मोठं नि लांबचं लहान असा हिशोब नाही. ठसठशीत रंग, अंगभर रेघा आणि ठिपके. तरी वाघ पाहिला की तो जिवंत वाटतो.

हा वाघ म्हणजे नुसतं जनावर नव्हे. बैगांच्या श्रद्धेत तो देव आहे. बाघेसुर हा जोधैयाबाईंच्या चित्रांचा आवडता विषय. आपल्याकडे डहाणू-जव्हार भागात वारली लोक वाघदेवाला पुजतात ना, तसंच हे. ज्याची भीती वाटते त्याच्याशीच नातं जोडायचं. म्हणून त्यांच्या चित्रातला वाघ दुष्ट दिसत नाही, शिकाऱ्याने मारून भिंतीवर टांगलेलाही दिसत नाही. तो शेजारी वाटतो. जरा जपून राहावं लागतं, पण आपल्यातलाच!

बघता बघता ही चित्रं गावाबाहेर पडली. २०१९ साली इटलीतल्या मिलान शहरात ती मांडली गेली. २०२२ मध्ये महिला दिनी आजींना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला आणि २०२३ मध्ये पद्मश्री. ही पद्मश्री पाहायला आशिष स्वामी मात्र नव्हते, २०२१ मध्येच ते गेले. पुढे १५ डिसेंबर २०२४ रोजी जोधैयाबाईंनीही जगाचा निरोप घेतला.

मैत्रिणींनो, पुरस्कार सगळ्यांना मिळत नाहीत. पण एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जोधैयाबाईंच्या डोळ्यांत हे जंगल सत्तर वर्षं साठलेलं होतं, फक्त कागद समोर आला नव्हता. तो आलाच नसता तर? बाघेसुराची ही चित्रं त्यांच्याबरोबरच गेली असती, आणि ‘एक मजूर बाई होती’ एवढंच मागे उरलं असतं.

आपल्याही घरात अशी कुणीतरी असते. सणावाराला दारात मोर काढणारी आजी, गोधडीवर हत्ती-घोडे टाचणारी मावशी, पिठोरीला भिंतीवर चित्रं काढणारी सासू. ‘छान काढलंय हो,’ म्हणून आपण पुढे जातो आणि दुसऱ्या दिवशी रांगोळी झाडली जाते. या खेपेला असं करू या, की बाजारातून येताना एक जाड कागदाची वही नि रंगांची डबी आणू या. तिच्या हातात ठेवू या. आणि हो, काय काढायचं ते सांगू नका. तिचं तिला ठाऊक असतं!