दलाली की वखार?

निपाणीच्या तंबाखू बाजारात दोन धंदे शेजारी शेजारी चालत आले. दलाल सौदा जुळवतो आणि दलाली घेऊन मोकळा होतो. व्यापारी माल स्वतः विकत घेतो, वखारीत ठेवतो. भाव येईपर्यंत त्याचा जीव टांगणीला. वित्तक्षेत्रात नोकरी निवडतानाही हाच फरक: इन्व्हेस्टमेंट बँकिंग पहिल्या जातीचे, प्रायव्हेट इक्विटी दुसऱ्या.

उदाहरणाला लांब जायला नको. बेळगावहून निपाणीकडे येताना महामार्गालगत हत्तरगीला एक्वस कंपनीचे विशेष आर्थिक क्षेत्र (सेझ) आहे. विमानांचे सुटे भाग तिथे बनतात. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीचा आयपीओ, म्हणजे समभागांची पहिली जाहीर विक्री, आला. जेएम फायनान्शियल, कोटक महिंद्रा कॅपिटल वगैरे इन्व्हेस्टमेंट बँकांनी शुल्क घेऊन विक्री सांभाळली. अमिकस कॅपिटल हा प्रायव्हेट इक्विटी फंड मात्र आधीपासून भागीदार होता. त्याने याच विक्रीत काही हिस्सा विकला.

पगाराचे गणितही तसेच. बँकेत बोनस दरवर्षी ठरतो; बाजार पडला की तो आटतो, माणसेही कमी होतात. फंडात खरी कमाई नफ्यातल्या वाट्याची. प्रचलित रीत २० टक्क्यांची, तीही गुंतवणूकदारांना साधारण ८ टक्के परतावा मिळाल्यावर. फंडाचे आयुष्य साधारण १० वर्षांचे. मधेच सोडले, तर हक्क न लागलेल्या वाट्यावर बहुतेकदा पाणी.

फंडांचे चमू लहान, जागा मोजक्या. तिथे बरेचजण बँकेत दोन-तीन वर्षे घासूनच पोहोचतात. तेव्हा शैक्षणिक कर्ज डोक्यावर असेल, तर आधी दलालीच बरी.