वाद्यवृंदातील माणूस आणि कोशातील नोंद

ज्ञानकोशातील चरित्रनोंद ही समाजाने एखाद्या माणसाच्या कामाची दिलेली पोचपावती असते. पावतीवरील रक्कम चुकली, तर जबाबदार कारकून ती तशीच फायलीला लावत नाही. आधाराचा कागद जोडून तो ती दुरुस्त करतो. चरित्रनोंदींच्या बाबतीत मात्र ही साधी शिस्त क्वचितच पाळली जाते. एकाने लिहिलेले वाक्य दुसरा उतरवून घेतो, दुसऱ्याचे तिसरा. आणि तीन ठिकाणी आले म्हणून ते प्रमाण ठरते.

मुंबईचे जाझ ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांचा जो त्रोटक परिचय वारंवार वाचायला मिळतो, त्यात तीन गोष्टी हमखास असतात : ते ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ होते, ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजत असे आणि संगीतकार सी. रामचंद्र यांचे ते साहाय्यक होते. यांतील एकही विधान खोटे नाही. तरीही त्यांतून ना माणूस उभा राहतो, ना त्याचे काम कळते.

‘भारताचे आर्मस्ट्राँग’ हे बिरुद गौरवाचे वाटते. वस्तुतः ते माहितीची जागा अडवून बसते. सुधारलेल्या नोंदीने आधी साध्या गोष्टी सांगाव्यात. नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ साली गोव्यातील हळदोणे येथे. मृत्यू १९६७ साली मुंबईत. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवीत. ही विद्या गाठीशी बांधून अनेक तरुण पोटासाठी मुंबईस येत. त्याच काळात, १९३५ साली, लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनीही तेथे नाव कमावले. गोव्याच्या वादकांना जाझ केवळ तबकड्यांतून नव्हे, तर अशा सहवासातूनही मिळाला. एवढे सांगितले, की आर्मस्ट्राँगचे नाव नुसती उपमा न राहता त्याला इतिहासाचा आधार मिळतो.

मग प्रश्न येतो, हॉटेलातील वादक चित्रपटाकडे का वळले? मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. हॉटेलांतील रात्रीच्या नृत्याच्या धंद्याला त्याची झळ पोचली. उलट चित्रपटांना मोठ्या वाद्यवृंदांची गरज वाढत होती. मागणी सरकली, तसे श्रमही सरकले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी संगीत दिलेल्या आणि भगवान यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात. ‘नादान’ (१९५१) आणि ‘रंगीली’ (१९५२) या चित्रपटांचे ते स्वतःच संगीतकार होते. मृत्यूच्या आदल्या वर्षी आलेल्या ‘आखरी खत’मध्येही त्यांचा ट्रंपेट पाहायला व ऐकायला मिळतो. ही विधाने कोणालाही पडताळून पाहता येतील, आणि नोंदीत प्राधान्य अशाच विधानांना हवे.

खरी अडचण ‘साहाय्यक’ या शब्दाची आहे. संगीतकार पेटीवर चाल सांगे. ती कागदावर उतरवणे, कोणते वाद्य कोठे वाजेल हे ठरवणे, दोन कडव्यांमधील जागा भरणे हे काम दुसराच कोणी करी. शंकर-जयकिशन यांच्यासाठी ते सबॅस्टियन डिसोझा यांनी वर्षानुवर्षे केले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे नाव ‘अमर अकबर अँथनी’मुळे (१९७७) घरोघर पोचले, ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या गुरुभक्तीमुळे, पण अँथनी हे खरोखरचे व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंदरचनाकार होते, हे किती घरांत ठाऊक होते? राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात अंतिम वस्तूची किंमत तेवढी धरतात. मधल्या टप्प्यांची किंमत तिच्यातच सामावलेली असते. गणितात दुहेरी मोजणी टाळण्यासाठी ते योग्यच आहे. चरित्रात मात्र तोच नियम लावला, की मधल्या टप्प्यावरची माणसेच दिसेनाशी होतात. वादकांचा कलाकार म्हणून हक्क आपल्या कायद्याने मान्य केला तोही १९९४ च्या दुरुस्तीने; वाझ यांच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी.

याचा अर्थ सारे श्रेय आता उलट्या दिशेने ओतावे असा नव्हे. चाल रामचंद्रांची होती आणि ती त्यांचीच राहिली पाहिजे. एका अन्यायाच्या भरपाईसाठी दुसरा करणे हे कोशाचे काम नव्हे. कोणी काय केले, एवढेच कोशाने नेमके सांगावे. जेथे पुरावा नसेल, तेथे विशेषणाने पोकळी भरू नये.

मराठीला कोशांची मोठी परंपरा आहे. केतकरांनी तेवीस खंडांचा ज्ञानकोश जवळजवळ एकहाती सिद्ध केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्या काळी दुरुस्तीसाठी पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागे. आज विश्वकोश संगणकावर खुला आहे, आणि २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात तर कोणीही वाचक भर घालू शकतो. साधन हाती आले. उणीव आहे ती चिकाटीने पुरावा गोळा करणाऱ्यांची.

हे काम मुंबईच्या ग्रंथालयांतच होते, असे समजण्याचे कारण नाही. दहिसर नाका ओलांडल्यावर लागणाऱ्या पेणकरपाड्याचाच विचार करा. गिरगाव, धोबीतलाव, वांद्रे येथील जागा परवडेनाशी झाली, तेव्हा कितीतरी कुटुंबे मिरा-भाईंदरच्या या पट्ट्यात आली. त्यांत गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांचाही समावेश होता. बिऱ्हाड हलवताना सर्वांत आधी टाकले जाते ते जुने कागद. आजोबांच्या हातची स्वरलिपी, बँडचे छायाचित्र, कार्यक्रमाची पत्रिका यांची किंमत रद्दीवाल्याच्या काट्यावर फार होत नाही. असा एखादा कागद येथील घरात उरला असेल, तर तो वाचणारा विद्यार्थीही येथलाच हवा.

त्याने घरच्यांच्या संमतीने कागदाची प्रत घ्यावी. छायाचित्रातील माणसांची नावे व साल मागे लिहून ठेवावे. वृद्धांची आठवण तारखेनिशी नोंदवावी, पण ती आठवण म्हणूनच, पुरावा म्हणून नव्हे. शिक्षकांनी ते तपासून महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात छापावे. छापील आधार तयार झाला, की मगच कोशाच्या नोंदीला हात लावावा. या क्रमाला एखादे वर्ष लागेल, आणि त्यातून हाती येतील ती कदाचित दोनच वाक्ये. पण ती दोन वाक्ये पुढचा लेखक उतरवून घेईल, तेव्हा खरी गोष्ट उतरवून घेईल.

चिक चॉकलेट यांच्याबरोबर वाजवलेल्यांपैकी आता फारच थोडे उरले असतील. त्यांची मुले आणि नातवंडे मात्र आहेत. पोचपावती दुरुस्त करायची, तर ती त्यांच्या हयातीतच व्हायला हवी.