फेज गेला! आधी कळलं कुणाला?

बेळगावच्या वडगावात करंट गेला की पहिली खबर कानाला लागते. गल्लीतली यंत्रमागांची खटखट एकदम बंद! पण खरी पंचाईत तीनपैकी एकच फेज गेल्यावर होते. तेव्हा मोटर गप्प बसत नाही, घुमत राहते, तापते आणि शेवटी जळते. म्हणून मुरलेला विणकर आवाज बदलला की आधी स्विच पाडतो, कारण मागून शोधतो.

वीज कंपनीची नजर वरून खाली येते. ११ केव्हीच्या फीडरवर दोष आला तर सबस्टेशनमधल्या रिलेच्या इशाऱ्यावर ब्रेकर सेकंदाच्या आत त्याला तोडतो आणि जिथं स्काडा, म्हणजे दुरून नजर ठेवणारी यंत्रणा, आहे तिथं पडद्यावर लगेच लाल खूण उमटते. मात्र तुमच्या कोपऱ्यावरच्या टीसीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, एक फ्यूज उडाला, तर बाकीचा फीडर मजेत चालू! पडद्याला त्याचं काही सोयरसुतक नसतं. स्मार्ट मीटर असेल तर गोष्ट वेगळी. पुरवठा तुटताच साठवून ठेवलेल्या चिमूटभर विजेवर तो ‘गेली’ असा निरोप धाडू शकतो. एकाच टीसीवरच्या वीस घरांतून असे निरोप आले की बिघाड कुठं आहे हे संगणक ताडतो.

पावसात दिवे दोनदा मिचकावून परत स्थिर झाले? लाईनमनला बोल लावू नका. फांदी तारेला घासून गेली की रिक्लोजर नावाचं यंत्र लाईन तोडतं, क्षणभर थांबतं आणि पुन्हा जोडून बघतं. हवाई तारांवरचे बहुतेक दोष असे घटकाभराचेच.

कधी कधी मात्र बिघाड गल्लीपुरता राहत नाही. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचं ग्रिड कोसळलं. सुमारे ६० कोटी लोक राहतात तो मुलूख अंधारात गेला. दक्षिणेला धक्का नाही, कारण तिचं ग्रिड तेव्हा वेगळ्या तालावर चालत होतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन सुरू झाली आणि सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न कोर्टात असेल, पण तिकडे चंद्रपूरच्या वीज केंद्रातला मोठा संच बंद पडला की वडगावची फ्रिक्वेन्सीही त्याच क्षणी किंचित उतरते!

उलटी परीक्षा कोरोनाकाळात झाली. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला देशानं नऊ मिनिटं दिवे मालवले. मागणी ३१,००० मेगावॉटहून अधिक घसरली. जलविद्युत केंद्रांनी झटपट हात आखडता घेतला, म्हणून फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झमध्येच राहिली. पाण्यावरची वीज बेळगाव जिल्ह्याला नवी नाही म्हणा; गोकाकच्या धबधब्यावर ती १८८७ सालीच निघाली, असं इथले लोक छाती फुगवून सांगतात.

तक्रार करायची तर इथली वीज कंपनी हेस्कॉमचा नंबर १९१२. बिलावरचा आरआर नंबर हाताशी ठेवा. निपाणी ओलांडून कागलला गेलात तरी १९१२च लावायचा. फक्त तिथं महावितरण उचलतं आणि बारा आकडी ग्राहक क्रमांक विचारतं.