कागदावर उरलेली ‘अमेरिका’

इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटाभोवती २२ ऑगस्ट १८५१ रोजी शिडाच्या नौकांची शर्यत झाली. १४ ब्रिटिश नौकांच्या विरोधात एकच परकी नौका होती, अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कहून आलेली ‘अमेरिका’. जॉर्ज स्टीअर्स यांनी आराखडा केलेल्या या दोन डोलकाठ्यांच्या नौकेने बाजी मारली. तिने जिंकलेला चांदीचा चषक पुढे ‘अमेरिकाज कप’ म्हणून विख्यात झाला.

वेगाने जाणारी नौका टिपणे तत्कालीन छायाचित्रणाच्या आवाक्याबाहेरचे होते. ती उणीव शिळामुद्रणाने भरून काढली. लंडनमध्ये टी. जी. डटन यांनी त्याच वर्षी ‘अमेरिका’चे चित्र शिळेवर उतरविले, न्यूयॉर्कच्या नॅथॅनिएल करिअर यांनीही या नौकेचे चित्र विक्रीस आणले. मागे झुकलेल्या डोलकाठ्या आणि सुती कापडाची, सपाट ताणलेली शिडे या चित्रांत स्पष्ट दिसतात. ब्रिटिश नौकांची शिडे फुगीर असत; ‘अमेरिका’च्या वेगाचे एक रहस्य या फरकात होते.

चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने रेखाटन करून शिळा ओली केली, की वरून फिरविलेली तेलकट शाई केवळ रेषांनाच धरते. काळ्या शाईतील या छापांत करिअर यांच्या कारखान्यातील महिला हाताने रंग भरीत. प्रत्येकीकडे एकच रंग, आणि चित्र एकीकडून दुसरीकडे सरके. लहान चित्रे ५ ते २० सेंटना, तर मोठी १ ते ३ डॉलरना मिळत. त्यामुळे श्रीमंतांच्या नौका सामान्यांच्या भिंतींवर आल्या. पुढे प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा वापरली जाऊ लागली. राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयातील देवदेवता मराठी घरांत पोहोचल्या त्या याच तंत्राने. फ्रेडरिक कझेन्स यांच्या जलरंगचित्रांवरून १८८४ साली निघालेला २६ रंगीत चित्रांचा संच हा या तंत्राचा देखणा नमुना होय. करिअर यांच्या लाटा काहीशा साचेबंद वाटतात. कझेन्स यांच्या पाण्यावरून मात्र वाऱ्याची दिशा ओळखता येते.

मूळ नौका उरली नाही. मार्च १९४२ मध्ये अनॅपोलिस येथे हिमभाराने छप्पर कोसळून ती चिरडली गेली आणि १९४५ साली मोडीत निघाली. साहजिकच जुन्या छापांना संग्राहकांकडून मागणी असते, आणि पुनर्मुद्रणेही जुनी म्हणून खपविली जातात. खरेदीपूर्वी चित्र भिंगाखाली धरावे. अस्सल शिळाछापात खडूचा अनियमित दाणा दिसतो, तर ऑफसेटच्या प्रतीत रांगेने बसलेले ठिपके.