कळांचं सलाइन

जेलची सिरिंज फ्रीजमध्ये असते, 2 ते 8 अंशांत, इंजेक्शनांच्या बाटल्यांशेजारी. सिस्टर ती थोडा वेळ आधी बाहेर काढून ठेवतात. गार जेल आत गेलं तर बाई दचकते. सिरिंजला सुई नसते, नळी असते. आत अर्धा मिलिग्रॅम डायनोप्रोस्टोन. गर्भपिशवीच्या तोंडाशी ते सोडलं की निदान अर्धा तास उठायचं नाही, आणि मग सहा तास वाट पाहायची. चालायचं, हलकं काही खायचं, मधूनमधून पोटावर पट्टे बांधून बाळाचे ठोके कागदावर उमटू द्यायचे. औषधानं कळा आणणं म्हणजे झटपट काम, असं बाहेर बसलेल्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक वेळ थांबण्यातच जातो.

हे मी पाहिलं मुलुंड पश्चिमेच्या एका प्रसूतिगृहात. राहत्या इमारतीचा पहिला मजला. खाली औषधांचं दुकान, वर बिऱ्हाडं. उपनगरांत अशी प्रसूतिगृहं गल्लोगल्ली आहेत आणि मुंबईतल्या मध्यमवर्गाची निम्मी पिढी तिथेच जन्मली असावी. भाची दाखल होती. माझ्या बहिणीला लेकीच्या कळा बघवत नव्हत्या, म्हणून सोबतीला आत मी गेले.

भाचीला कळा आपोआप यायला हव्या होत्या. सातव्या महिन्यापासून तिचं ते ठरलेलं. श्वासाचे व्यायाम शिकलेली, घाटकोपरहून अंधेरीला मेट्रोनं शेवटपर्यंत ऑफिसला जाणारी मुलगी. तिच्याच ऑफिसातल्या बोरिवलीच्या मैत्रिणीनं मात्र 39 आठवडे पूर्ण होताच डॉक्टरांकडून तारीख मागून घेतली होती. दिवस जुलैचे, नवरा जहाजावर नोकरीला, घरात फक्त सासूबाई. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ती शाळकरी मुलगी होती आणि दहिसरच्या नातेवाइकांकडे अडकून पडली होती. मध्यरात्री पाणी तुंबलेल्या रस्त्यावर कळा घेऊन रिक्षा शोधायची तिची तयारी नव्हती. मला हे कारण पूर्ण पटतं. 'बाईनं निसर्गावर सोडावं' असं म्हणणाऱ्यांनी या शहराचा निसर्गही धरायला हवा.

दुसरं कारण रजेचं. 2017 च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा 26 आठवड्यांची झाली. त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. तारीख उलटून घरी बसलं की तो प्रत्येक दिवस बाळाबरोबरच्या दिवसांतून वजा होतो. म्हणून मुली नवव्या महिन्यातही लोकलला लटकतात, आणि म्हणून काहीजणी 'मॅडम, कधी सुरू करता?' असं स्वतःहून विचारतात. ही घाई त्यांच्या स्वभावातली नाही, पगाराच्या हिशेबातली आहे.

माझा स्वतःचा कौल वाट पाहण्याकडे. माझी दोन्ही बाळंतपणं आपोआप आलेल्या कळांची, आणि ती सुरुवात मला आवडली होती: आधी कंबर भरून येणं, मग बराच वेळ नुसत्या कच्च्या कळा, आपलं शरीर काहीतरी ठरवतंय ही जाणीव. त्यामागे शास्त्रही आहे. शरीर स्वतःचं ऑक्सिटोसिन लाटा-लाटांनी सोडतं आणि ते मेंदूतही काम करतं. शिरेतून दिलेलं ऑक्सिटोसिन मेंदूपर्यंत जवळजवळ पोचत नाही. पिशवीचं तोंड मऊ होण्याचं काम कळांच्या कितीतरी आधी, आठवडा-दोन आठवडे चाललेलं असतं. ते झालेलंच नसेल तर औषधाला आधी ते करून घ्यावं लागतं, आणि मग पहिला टप्पा लांबतो.

तरी 'नैसर्गिक' म्हणजे हात न लावलेलं, असं आपल्याकडे कधीच नव्हतं. चरकसंहितेत नवव्या महिन्यात तेलाची अनुवासन बस्ती आणि तेलाचा पिचू सांगितला आहे. घरोघरी दुधातून एरंडेल दिलं जायचं. कळा येवोत न येवोत, जुलाबांनी बाई आधीच गळून जायची. थांबण्याचा धीर माणसाला पूर्वीही नव्हता.

भाचीच्या बाबतीत प्रश्न आवडीचा उरला नाही. दिवस भरून आठवडा उलटला होता. दिलेल्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात, त्यामुळे तारीख हुकण्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण 41 आठवड्यांनंतर पोटातच बाळ दगावण्याचा धोका हळूहळू वाढतो, आणि जागतिक आरोग्य संघटना तिथे कळा सुरू करायला सांगते. सोनोग्राफीत पाणीही कमी दिसत होतं. डॉक्टर बाई पलंगावर तिच्या पायाशी बसल्या. "तुझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. पण वार आता थकत चाललीय. आज नाही सुरू केलं तर उद्या मला झोप लागायची नाही."

मग तपासणी. तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ आहे की कडक, पुढे वळलंय की मागे, बाळाचं डोकं किती खाली आलंय. या पाच गोष्टींना गुण द्यायची पद्धत एडवर्ड बिशप या डॉक्टरांनी 1964 मध्ये मांडली. 8 किंवा अधिक गुण असतील तर औषधानं आणलेल्या कळाही जवळपास आपोआप आलेल्या कळांसारख्याच पार पडतात. भाचीला 3 गुण. म्हणून आधी जेल.

रात्र जेलवर गेली. पहाटे गुण वाढले होते, पाणमोट फोडली आणि सलाइन लागलं. 500 मिलीच्या बाटलीत ऑक्सिटोसिनचे 5 युनिट. सुरुवात मिनिटाला 8 थेंबांनी. दर अर्ध्या तासानं वाढवायचं. हे रसायन प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झालं 1953 मध्ये, आणि ते करणाऱ्या विन्सेंट द्यू विन्यो यांना 1955 चं नोबेल मिळालं. पण खरं काम त्या थेंबांचं नाही, सिस्टरच्या हाताचं आहे, हे मला त्या खोलीत कळलं.

कणकवलीकडच्या सिस्टर. स्टूल ओढून बसायच्या, तळहात पोटाच्या वरच्या भागावर, नजर घड्याळावर. दहा मिनिटं काही बोलायच्या नाहीत. पोट घट्ट होऊ लागल्याचं त्यांच्या हाताला भाचीच्या आधी कळायचं, तिचा चेहरा बदलायच्या आतच त्या म्हणायच्या, "आली बघ. श्वास घे." किती सेकंद टिकली, मध्ये पोट पूर्ण सैल पडलं का, हे सगळं त्या हाताला. दहा मिनिटांत तीन-चार चांगल्या कळा हव्यात. पाचाच्या वर गेल्या तर बाळाला मधल्या वेळात रक्त नीट पोचत नाही. एकदा तसं झालं. सिस्टरनी आधी चाकी फिरवून थेंब बंद केले, भाचीला डाव्या कुशीवर वळवलं, ठोके ऐकले आणि मगच डॉक्टरांना फोन लावला. ऑक्सिटोसिनचं बरं हे, की बंद केलं की काही मिनिटांत उतरतं. मात्र बंद करायला तिथे माणूस बसलेलं हवं.

या कळा तीव्र असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. चढ लवकर येतो, उसंत कमी. मुंबईतच डॉ. शिरीष दफ्तरी यांनी 'प्रोग्रॅम्ड लेबर' ही पद्धत घडवली, ती यासाठीच: कळांना औषधाचा जोर द्यायचा तर वेदना कमी करण्याचं औषधही बरोबरीनं द्यायचं. भाचीनं इंजेक्शन मागितलं, ते तिला लगेच मिळालं. व्यायामाच्या वर्गात शिकलेला श्वास तिनं सोडला नाही. दोन्ही गोष्टी एकाच पलंगावर सुखानं नांदल्या.

चार सेंटिमीटरवर ती बराच वेळ अडकली. बाहेर बहीण रडकुंडीला आलेली, जावई 'सीझर करून टाका' म्हणायला लागलेले. डॉक्टर ठोके पाहून म्हणाल्या, "बाळ मजेत आहे, मग मला कसली घाई?" 2018 पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की कळांचा वेगाचा टप्पा 5 सेंटिमीटरपासून धरावा, आणि तासाला एक सेंटिमीटर हा जुना दंडक प्रत्येकीला लावू नये. संध्याकाळी भाची मोकळी झाली. टाक्यांसह, पण सीझरशिवाय.

'कळा सुरू केल्या की सीझर ठरलेलं' ही आपल्याकडची पक्की समजूत. अमेरिकेत 41 रुग्णालयांमध्ये 6106 पहिलटकरणींवर झालेल्या अभ्यासाचा निकाल 2018 मध्ये आला. 39 व्या आठवड्यात कळा सुरू केलेल्यांत सीझर 18.6 टक्के, वाट पाहिलेल्यांत 22.2. पण तिथे पाणमोट फुटून ऑक्सिटोसिन सुरू झाल्यावर किमान 12 तास दिल्याशिवाय 'कळा फसल्या' असं म्हणू नये, असं सांगितलं होतं. आपल्या नागपुरात दोन सरकारी रुग्णालयांत 602 रक्तदाबाच्या बायकांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये 'लॅन्सेट'ने छापला: मिसोप्रोस्टॉलची 25 मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी तोंडानं, की गर्भपिशवीच्या तोंडात फुगवायचा फोलीचा फुगा? 24 तासांत योनीमार्गे बाळंत झालेल्या 57 टक्के गोळीवाल्या, 47 टक्के फुगेवाल्या. काही रुपयांची गोळी, तीही सरकारी वॉर्डात. दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019–21) देशातल्या खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के सीझर, सरकारीत 14.3. एवढी तफावत औषधातून येत नाही. कोण किती वेळ बसायला तयार आहे, यातून मोठा भाग येतो, असं माझं मत त्या खोलीत पक्कं झालं. कळा आपोआप आल्या की आणल्या, याला मी आता पहिल्याइतकं महत्त्व देत नाही. सलाइनला लावलेल्या बाईजवळ एक हात मोकळा आहे का, हे आधी विचारते.

सोबतीणही त्यातच आली. केंद्र सरकारनं 2016 मध्येच सरकारी प्रसूतिकक्षांत सोबतीला बाई ठेवायला परवानगी दिली आहे. अनेक ठिकाणी दोन पलंगांमध्ये पडदा नाही, एवढ्यावर ती अडते.

त्याच दुपारी, भाची सलाइनवर असताना, भांडुपहून सासू-सुनेची एक जोडी आली. सून 39 आठवड्यांची, सगळं ठीक. सासूबाईंना आजच सुरू करून हवं होतं, कारण गुरुवारी अमावास्या. डॉक्टरांनी सुनेला विचारलं, "तुला काय हवंय?" ती म्हणाली, "मलाही आता कंटाळा आलाय, मॅडम. चालेल मला." डॉक्टरांनी नकार तिच्या इच्छेला दिला नाही. "सुरू करू. पण आज माझ्याकडे सिस्टर एक आणि सलाइन एक चालू आहे. दुसरं लावणार नाही. गुरुवारी या."

"अहो, पण अमावास्या," सासूबाई म्हणाल्या.

"गुरुवारी ड्युटीवर दोघी सिस्टर आहेत, काकी. मला तेवढंच बघायचंय."

सुनेनं ठोक्यांचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच यायचं हे दोनदा विचारून घेतलं, आणि दोघी रिक्षानं परत गेल्या. गुरुवारी सकाळी आम्ही भाचीला घरी नेत होतो तेव्हा त्या जिना चढत होत्या.